रंग परत आला तेव्हा

दोन हजार सालानंतरची गोष्ट. दिंडोरीला आमची द्राक्षबाग होती. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत यजमानांच्या सदऱ्याची बटणं पोटावर लागेनात. डाव्या बरगडीखाली काहीतरी टणक हाताला लागायचं. नाशिकला रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशींचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारं एक प्रथिन असतं, कायनेज. काम झालं की ते बंद होतं. यांच्या रक्तात ते बंदच होत नव्हतं. त्याला अडवणारी गोळी नुकतीच आली होती. बरं वाटलं तरी ती थांबवायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

तीन महिन्यांत रक्त ताळ्यावर आलं, पोट उतरलं. पण चेहरा बदलत गेला. पापण्या सुजल्या. उन्हात रापलेली कातडी फिकट होत होत पांढुरकी झाली. गोळीनं असं होतं, डॉक्टर म्हणाले. सासूबाई मात्र यजमानांसमोर डोक्यावर पदर ओढून घेऊ लागल्या. एकदा स्वयंपाकघरात माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "आवाज त्याचाच हाय. पण हा माझा पोरगा नाय." त्यांची नजर चांगली होती, डोकं ठिकाणावर होतं. म्हणूनच मला भीती वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात रंग परत येऊ लागला. सूज उतरली. सासूबाईंनी लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. मी देवापुढे साखर ठेवली.

मग एका दुपारी फवारणीच्या औषधांच्या कपाटात हातमोजे शोधताना गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या. बाहेर ओट्यावर मायलेक हसत बोलत होते. मी आत तशीच बसून राहिले. इतके दिवस आम्ही ज्याचा आनंद करत होतो, ते आजाराचं परत येणं होतं.

विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आई माझ्याकडे बघतच नव्हती."

रक्तातल्या पेशी पुन्हा वाढल्या होत्या. मी रोज समोर उभं राहून गोळी द्यायला लागले. गोळी पुन्हा लागू पडली आणि रंग पुन्हा गेला. एका सकाळी सासूबाईंनी हळूच विचारलं, "तो परत गेला का?"

समजावून समजावून मी थकले होते. "हो," म्हणाले.

यजमान आजही आहेत, गोळी चालू आहे. सासूबाई गेल्या तेव्हा उशाशी तेच होते. महिनाभर त्यांनीच आईचं सगळं केलं होतं. "तुमी लय केलं," त्या त्यांना म्हणाल्या, परक्या माणसाला म्हणावं तसं.