कुंकू लावलेलं कुलूप

आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून आमच्या बसवनगुडीच्या फ्लॅटची किल्ली रोज या हातातून त्या हातात फिरू लागली. तिला सांभाळणारी बाई, व्यायाम करून घेणारे, डबा आणणारे. मी वैतागलो आणि बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप घेतलं. दुकानदाराला पुरता पिळला. नुसत्या बोटाच्या कुलपाच्या भावात, अडीअडचणीला दोन किल्ल्याही असलेलं कुलूप काढून घेतलं. किल्ली मला नकोच होती. पण पदरात पडतंय ते सोडायची मला सवय नाही.

निघताना तो म्हणाला, "अण्णा, एक किल्ली घराबाहेर ठेवा. कुणा विश्वासाच्या माणसाकडे."

"कुलूप विकतोस की अक्कल?" मी म्हणालो.

विश्वासाचं माणूस पलीकडच्याच रस्त्यावर राहतं. माझी थोरली बहीण, अक्का. पण तिच्या मुलीच्या लग्नात तिने व्याह्यांना माझी ओळख करून दिली ती "हा आमचा लेथवाला" अशी. भाड्याच्या शेडमध्ये एका जुन्या लेथवर सुरुवात करून बोम्मसंद्र्यात स्वतःचं वर्कशॉप उभं केलं, आणि मी लेथवाला! भरल्या पंगतीतून उठलो, तो तिच्या घरी पुन्हा गेलो नाही. आईला भेटायला ती यायची ती मी कामावर असताना.

खंडेनवमीला सकाळी बायकोने घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. मिक्सर, शिवणयंत्र, स्कूटर. मग नव्या कुलपाने काय घोडं मारलंय, म्हणून त्यालाही ओलं हळदकुंकू चांगलं थापून लावलं, वर झेंडूचं फूल खोवलं. आईला जेवू घालून बाई सणासाठी घरी गेली. आई झोपली तशी आम्ही दार ओढून वर्कशॉपकडे निघालो. तिथे यंत्रांना गंधफूल झालं, कोहळा फोडला, आणि दरवर्षीप्रमाणे मी सगळ्यांना दरडावलं, "आज हत्याराला कुणी हात लावायचा नाही. उद्या दसऱ्याला उचला."

दुपारी परतलो. बोट लावलं, काही नाही. कुलपावरचे आकडेही उमटेनात. खालून पॉवर बँक जोडून पाहिली, तरी ढिम्म. कुंकवाचं पाणी फटींतून आत उतरलं होतं.

मी दारावर थापा मारल्या आणि तिथेच चुकलो. आतून आईचा आवाज आला. "आले रे, उघडते."

"आई, उठू नकोस!" मी ओरडलो. त्या पायावर भार टाकू नका, पुन्हा मोडलं तर अवघड आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"तू बाहेर किती वेळ उभा राहणार?" पलंग करकरला.

ओळखीच्या सुताराला फोन लावला. "अण्णा, करवत, पटाशी सगळं देवापुढे. आज नाही उचलायचो." माझेच शब्द मला ऐकवत होता. वर्कशॉपभर हत्यारं, आणि एकही उचलता येत नव्हतं. तरी फोरमनला फोन लावून ड्रिल मागवलं. बोम्मसंद्र्याहून यायला वेळ लागणार होता, आणि आत आई काठी चाचपत होती.

"दोन्ही किल्ल्या आत देवापुढेच ना?" मी बायकोवर खेकसलो.

"एक आहे." ती पदराशी चाळा करत म्हणाली. "दुसरी परवा ललितापंचमीला अक्कांच्या ओटीत घातली. नारळाबरोबर. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही."

ओरडायला मला सवड नव्हती. "लाव फोन," म्हणालो.

अक्का हातातलं काम टाकून आली, हाताला पीठ तसंच. माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय रे, लेथवाल्याला कुलूप उघडेना होय?"

जिव्हारी लागलं. पण गिळलं.

"स्वल्प, जरा बाजूला हो." तिने झेंडू उपटला, किल्लीच्या भोकावरचं झाकण सरकवलं, किल्ली फिरवली. एवढंच. आई पलंगाच्या कडेला, दोन्ही पाय जमिनीवर, काठीवर जोर देऊन उठण्याच्या बेतात. अक्काने धावत जाऊन तिला धरलं आणि तशीच पिठाच्या हातांनी आडवी केली. "कुठं निघाली होतीस गं, सीमोल्लंघनाला? ते उद्या!" आई हसली. मी भिंतीला टेकलो.

फोरमनला ड्रिल परत न्यायला सांगितलं. बायकोने मला न विचारता केलेलं ते काम मी कधी विसरणार नाही. त्या दुकानदाराचंही भलं होवो. तो फुकट देत होता तेवढं एकच मी घेतलं नव्हतं.

निघताना अक्काने किल्ली पुढे केली. "घे बाबा तुझी."

"राहू दे तुझ्याकडे. पण न वापरलेली किल्ली अडते. दर रविवारी येऊन फिरवून जायची. मी घरी असताना."

"दर रविवारी जमायचं नाही. महिन्यातून एकदा."

"पंधरा दिवसांनी. आणि जेवून जायचं."

"तू पंगतीतून उठणार नसलास तर," ती म्हणाली.

"ते तू काय बोलतेस त्यावर आहे."

तिने किल्ली कमरेला खोचली. "सरी, ठरलं," म्हणाली.