वानखेडे काकांचा पाय आणि नाल्याचं पाणी

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी पेशंटच्या जखमेतले जंतू वाढवलेली प्लेट उजेडात धरली. जंतूंच्या थरावर आम्ही अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवतो. औषध लागू पडलं, की चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. इथे एकाही चकतीभोवती गोल नव्हता. माझीच चूक असेल म्हणून टेस्ट पुन्हा लावली. तेच!

सर्जनचा फोन आला. "मॅडम, कुछ तो चलेगा?"

"कुछ नहीं, सर. सब रेझिस्टंट."



पेशंट म्हणजे अयोध्या नगरचे वानखेडे काका, कारखान्यातून रिटायर झालेले फिटर. डायबिटीस, त्यात तळपायाला जखम. वॉर्डात जाऊन मी काकूंना विचारलं, आधी काय काय दिलं? त्यांनी पर्समधून अर्ध्या-अर्ध्या स्ट्रिप काढल्या. पाच प्रकारच्या.

"जखम चिघळली की दोन दिवस द्यायच्या, सुकली की बंद. उरलेल्या फेकायच्या कशाला, बेटा?"

अर्धवट डोसने कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात. काकू इतके दिवस मनोभावे तेच करत होत्या. रागावणार तरी कुणावर?

शेवटचा उपाय म्हणून हॉस्पिटलमागच्या नाल्याचं पाणी आणलं. घाण पाण्यात फेज असतात, म्हणजे जंतूंना गाठून फोडणारे विषाणू. ते पाणी काकांच्या जंतूंसोबत ठेवलं, बारीक फिल्टरने गाळलं आणि त्याच जंतूंच्या नव्या प्लेटवर एक थेंब सोडला. दुसऱ्या दिवशी थेंबाच्या जागी काचेसारखी स्वच्छ खिडकी! विश्वासच बसेना. महागडी औषधं हरली होती आणि नाला जिंकला होता.

प्लेट घेऊन मी पळत डायरेक्टरांकडे गेले.

"बढ़िया. लेकिन पेशंट को दे सकते हैं?"

नव्हतो देऊ शकत. शुद्ध करायचं, तपासायचं, परवानग्या काढायच्या. कित्येक आठवड्यांचं काम. काकांचा ताप तर तासातासाला चढत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याखालून पाय कापला.

काका वाचले. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "तुम्ही काहीतरी शोधलं म्हणे. जंतू मेला का?"

"प्लेटवरचा मेला, काका."

"चला, प्लेट तरी वाचली."

ते हसले. मला रडू आलं.

फेज पेशंटला देण्याच्या परवानगीचा अर्ज मी त्याच दुपारी टाकला. असा अर्ज पेशंट यायच्या आधी टाकायचा असतो, हे एका पायाच्या मोबदल्यात शिकले.