टिपणिसांचा नोटीस पिरियड

निशिकांत टिपणीस म्हणजे नियमाचा माणूस. पुण्याहून सिंगापूरला येऊन त्यांना वीस वर्षं झाली. आठवडाभर चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत एचआर सांभाळायचं आणि रविवारी मरीन परेडला, कॉन्डोच्या म्हणजे राहत्या सोसायटीच्या कोर्टवर, मराठी मंडळींची बास्केटबॉल लीग चालवायची. टीम सहा, शहरातल्या एकेका भागाच्या नावाच्या. सेक्रेटरी तेच आणि चांगीच्या टीमचे कोचही तेच. जन्मात एक बास्केट केली नसेल, पण शिट्टी अशी मारायचे की चालता माणूस जागीच थांबावा.

चांगीला सहा वर्षांत एकदाही कप मिळाला नव्हता आणि ते टिपणिसांना फार लागायचं. २०१८ साली फायनलला चार रविवार उरले असताना तांजोंग पगारच्या टीमचा हुकमी खेळाडू अमेय त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

"काका, मला चांगीत घ्या. आमच्याकडे माझा पास कोणाला झेलताच येत नाही. अमेरिकेत मोठे खेळाडू टीम बदलून मागतात आणि मिळतेही."

घरी विनीताबाई म्हणाल्या, "अहो, कप आपल्या पायांनी दारात आलाय. घ्या की त्याला."

टिपणिसांना तो हवाच होता, अगदी हावरटासारखा हवा होता. पण शेजारच्या कॉन्डोची फुटबॉल लीग अशीच बुडालेली त्यांनी पाहिली होती. एक चांगला खेळाडू तगड्या टीममध्ये गेला, त्याच्यामागे चार गेले आणि उरलेल्यांनी येणंच सोडलं. अमेयला नाही म्हणावं, तर तो रुसून घरी बसणार. हो म्हणावं, तर लीगचा बाजार उठणार.

पुढच्या रविवारी त्यांनी अमेयला विचारलं, "नोकरी सोडताना काय करतोस?"

"महिन्याची नोटीस देतो. हॅन्डओव्हर करतो."

"मग इथेही तेच. फायनलपर्यंत तांजोंग पगारकडून मन लावून खेळायचं आणि तुझ्या जागी एक माणूस तयार करून द्यायचा. मग खुशाल ये."

यात यंदाचा कप हातचा जाणार, हे टिपणिसांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी लीगच्या नियमांच्या कागदावर ही अट लिहिली आणि खाली सही ठोकली.

अमेयच्या वाट्याला आले रवींद्र. तांजोंग पगारचेच, चाळिशीचे अकाउंटंट, पोट पुढे. अमेयने आधी कपाळाला हात लावला, मग ऑफिस सुटल्यावर रोज त्यांना घाम गाळायला लावलं.

फायनलला समोरासमोर आल्या नेमक्या चांगी आणि तांजोंग पगार. शेवटच्या मिनिटाला चांगीच्या तिघांनी अमेयला घेरलं. त्याने न बघता पास दिला, रवींद्रनी तो झेलला आणि बास्केट केली. चांगी दोन गुणांनी हरली.

सगळे रवींद्रना उचलून नाचत असताना अमेय हळूच टिपणिसांकडे आला. "काका, नोटीस मागे घेता येईल? आता यांना सोडवत नाही."

असा नियमच नव्हता. नाही म्हटलं असतं तर पुढच्या वर्षी अमेय चांगीचा. चांगीचे सगळे खेळाडू टिपणिसांकडे डोळे लावून उभे होते. टिपणिसांनी तो नियमांचा कागद आणि पेन काढलं, 'नोटीस शेवटच्या दिवसापर्यंत मागे घेता येईल' असं खाली लिहिलं आणि सही केली.

चांगीचा कॅप्टन अनीश भडकला. "काका, तुम्ही नक्की कुठल्या टीमचे?"

"सहाही टीमचा," टिपणीस म्हणाले, आणि कप तांजोंग पगारच्या हाती द्यायला निघाले.