बाबांच्या बाकावरची पाटी

चर्चच्या अंगणात माझ्या नवऱ्याच्या आठवणीचा बाक बसवायचं ठरलं, तेव्हाच मी सांगून टाकलं: पाटी मराठीत. एडिनबराच्या हॉस्पिटलात नोकरीला होता तोवर दुपारचा डबा तो या चर्चच्या अंगणातच खायचा. देवाधर्माचं वावडं, पण त्या अंगणातल्या दगडाशी याची भारी गट्टी! नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांनी कुणा मेलेल्या माणसासाठी उभा केलेला जुना दगड. वळसे घेत गेलेला पट्टा आणि त्यात कोरलेली काड्याकाड्यांची अक्षरं.

"आई, बी प्रॅक्टिकल," लेक म्हणाला. "इंग्लिशमध्ये कर ना. मराठी इथे कोण वाचणार?"

झालं! माझं डोकं फिरलं. एवढ्या घोड्याला बखोट धरून नेलं आणि दगडासमोर उभं केलं. "हे कोण वाचतं रे? तरी कुणी म्हणालं का, घासून इंग्लिशमध्ये लिहा म्हणून?"

शेजारी इंग्रजी फलक होता. त्याने मोठ्याने वाचला. मुलाने बापासाठी हा दगड उभारला, असं त्या अक्षरांत लिहिलं होतं म्हणे. मग हळूच म्हणाला, "पण आई, मला पण मराठी नाही येत वाचायला."

शनिवारच्या मराठी शाळेला याने मारलेल्या दांड्या मी विसरले नव्हते. रडू आलं, पण त्याहून राग आला.

"मग शीक. पाटी तूच लिहायचीस, तुझ्या हाताने. आपल्याकडे आहेराच्या पातेल्यावरसुद्धा देणाऱ्याचं नाव असतं. हा तर तुझा बाप आहे!"

ऑफिसातून आला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर गिरवत बसायचा. मी कागदामागून कागद परत केले. शेवटचा ठेवला. वेलांटी भलतीच मोठी, ओळ उताराला लागलेली. पाटी कोरणाऱ्या बाईंनी विचारलं, कॉम्प्युटरवर सरळ करू का? हात माझेही शिवशिवत होते. पण म्हटलं, नको, आहे तसंच कोरा.

परवा आम्ही दोघं डबा घेऊन त्या बाकावर बसलो होतो. कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले, पाटी न्याहाळून म्हणाले, काय लिहिलंय हो?

मी तोंड उघडणार, तोच लेकाने मला थांबवलं. पाटीवर बोट ठेवलं आणि अडखळत, पण मोठ्याने, आधी बापाचं नाव वाचलं आणि मग स्वतःचं.