ताडपत्रीचं ठिगळ

मास्तरांच्या हातात कुणी आरसा दिला असता, तर त्यांनी आधी तो उलटा करून मागची बाजू पाहिली असती. स्वभावच तसा. गिऱ्हाईक म्हणालं, "कापड सुती आहे," की मास्तर कडेचा एक धागा ओढत, त्याला काडी लावत, राख बोटांत चोळत आणि मगच माप घ्यायला उठत. ताक तर सगळेच फुंकून पितात. मास्तर पाणीही फुंकून पीत.

बायको म्हणायची, "लग्नात माझा पदर जाळून बघितला नाहीत, एवढंच माझं नशीब."

त्यांचं शिलाईचं दुकान बसथांब्यासमोर होतं. दिवसभर पायाखाली मशीन चाले आणि सुईच्या नाकातून दोरा जावा तसा रस्ता त्यांच्या नजरेतून जाई. पण संध्याकाळ झाली की ते गळ्यातली टेप खुंटीला लावत, तिथलीच शिट्टी गळ्यात घालत आणि मागच्या गल्लीतल्या खेळघरात जात. खेळघर म्हणजे जुनं गोदाम. वर पत्रे, खाली लाकडी फळ्या, भिंतींना टेकून बाकं. तिथे मास्तर मोठ्या चेंडूच्या खेळाचे पंच होते.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना आधी समजावून देतो, कारण सगळं दुखणं त्याच्या नियमातच आहे. चेंडू माणसाच्या छातीएवढा उंच, पण हलका. आत हवेचा फुगा, वरून कापडाची खोळ. मैदानात एकाच वेळी तीन संघ उतरतात, प्रत्येकात चौघं. एका संघाचे तिघं गुडघे टेकून चेंडू तळव्यांवर तोलतात आणि चौथा मोठ्यानं दुसऱ्या एका संघाचा रंग पुकारून चेंडू फटकावतो. ज्याचा रंग पुकारला त्या संघानं चेंडू जमिनीला टेकायच्या आत झेलायचा. टेकला, तर उरलेल्या दोन्ही संघांना एकेक गुण. म्हणजे चुकणार एक, खाणार दोघं. दोन संघांच्या खेळात समोरच्यावर डोळा ठेवला की भागतं. इथे समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले तरी तिसऱ्याच्या पोटात गोळा येतो. असल्या खेळाला मास्तरांसारखा पंच मिळाला, ही देवानं जोडलेली गाठच म्हणायची.

खेळघराची एक रीत होती. वर्षाच्या शेवटच्या सामन्यानंतर पंच आपली शिट्टी काढून मधल्या स्टुलावर ठेवी. तिन्ही कप्तानांनी मिळून दोरीला हात लावून ती परत त्याच्या गळ्यात घातली, तर पुढचं वर्ष त्याचं. एकानं जरी हात मागे घेतला, तरी पंच नवा. मास्तरांच्या गळ्यात ती शिट्टी दरवर्षी परत आली होती. शिलाईनं पोट भरलं, पण मान मिळाला तो त्या शिट्टीमुळे.

यंदाच्या शेवटच्या सामन्याआधी चेंडूची खोळ फाटलेली निघाली. मास्तरांनी ती दुकानात आणली, उजेडात धरली आणि बायकोला हाक मारली.

"हे फाटलेलं नाही. कुणीतरी पातं फिरवलंय."

"खिळ्याला अडकलं असेल."

"कडा बघ किती सरळ आहेत."

"तुमचा धंदाच सुताचा," बायको म्हणाली, "त्यावरून स्वर्ग गाठायला कितीसा वेळ लागणार?"

पण मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पुन्हा कुणाचं पातं चालू नये म्हणून त्यांनी ट्रकवर घालतात तसल्या ताडपत्रीचा तुकडा घेतला, दुहेरी घडी केली आणि मेणाच्या दोऱ्यानं चौफेर शिवला. मशीनची सुई मोडली, तेव्हा दाभणानं शिवला. काम संपल्यावर त्यावरून हात फिरवून म्हणाले, "आता फाडून दाखवा म्हणावं."

सामन्याला बाकं भरून गेली होती. निळ्या संघाचा कप्तान मास्तरांचा सख्खा मेहुणा, बायकोच्या पाठचा. तो बस चालवायचा. काळ्याचा कप्तान चावीवाला. राखी रंगाच्या संघाची कप्तान टपालवाली, बोलायला सुरुवात केली की गल्ली संपेपर्यंत थांबत नसे.

मेहुणा आत येतानाच म्हणाला, "दाजी, आज घरच्या माणसाकडे जरा प्रेमानं बघा."

"घरच्याकडेच जास्त बघावं लागतं," मास्तर म्हणाले आणि हसले नाहीत.

पहिला डाव सरळ गेला. दुसऱ्यात मास्तरांच्या ध्यानात एक गोष्ट आली. निळ्या संघात या डावाला एक नर्स उतरली होती. चेंडू तोलायला बसली की ती दरवेळी तो हातावर हळूच फिरवी, मग मेहुणा "राखी!" म्हणून पुकारी आणि फटका मारी. चेंडू वर जाई, राखीवाले धावत, आणि मधेच पाय घसरल्यासारखा तो अलीकडेच खाली येई. फळीवर धप्प. निळ्याला गुण, काळ्याला गुण. पुन्हा तसंच. आणि चावीवाला मिशीत हसत होता.

मास्तरांनी जोडायला सुरुवात केली. फिरवणं ही खूण. खूण कुणाला? ज्याला फुकटचा गुण मिळतो त्याला. तरीच मेहुणा आणि चावीवाला सकाळी बसथांब्यावर बोलत उभे होते! पाणी मुरतंय ते इथे.

"मास्तर," टपालवाली ओरडली, "डोळे उघडे ठेवा! दोघं मिळून आमची वाट लावताहेत!"

पुढचा चेंडूही तसाच पडला. मास्तरांनी लांबलचक शिट्टी फुंकली. दोन संघांनी संगनमत केलं असं पंचाला वाटलं, तर तो खूण करणाऱ्या संघाच्या कप्तानाला बाहेर काढू शकतो. आणि एकदा बाहेर काढलेला माणूस त्या सामन्यात परत आत येत नाही, मग आभाळ कोसळो. मास्तरांनी मेहुण्याकडे बोट केलं, मग ते बोट दाराकडे वळवलं.

"मी? काय केलं मी?"

"खुणा करून खेळणं म्हणजे चोरी. बाहेर."

बाकांवरचा गोंगाट बसला. मेहुण्यानं बाकावर बसलेल्या बहिणीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. तो दंडावरची कप्तानाची पट्टी सोडून बाकावर जाऊन बसला.

खेळ पुढे सुरू झाला. मेहुण्याच्या जागी आलेला निळा गडी चेंडूमागे उभा राहिला. नर्स बसली, तिनं चेंडू हातावर फिरवला. मास्तर डोळ्यांत तेल घालून बघत होते.

"काळा!" गडी ओरडला.

चेंडू वर गेला, चावीवाला पुढे झेपावला, आणि चेंडू त्याच्या बोटांच्या अलीकडे धप्प खाली. या वेळी गुण निळ्याला आणि राखीला.

चावीवाला उताणा पडल्या पडल्या ओरडला, "काय मास्तर, आता मी माझ्याशीच संगनमत केलं का?"

बाकं हसली. मास्तर मात्र चेंडूजवळ गेले.

"बाई, दरवेळी तुम्ही हा फिरवता कशाला?"

नर्सनं तळवे पुढे केले. दिवसभर औषधाच्या पाण्यात धुऊन ते सोलून निघाले होते. "मास्तर, तुमची ती शिवण टोचते हो. म्हणून ती वर करून घेते. बाकीचे कसाही धरतात, त्यांचे हात धड आहेत."

मास्तरांनी चेंडू फळीवर ठेवून ढकलला. तो डुलत गेला आणि थांबला, ताडपत्री खाली. पुन्हा ढकलला, पुन्हा ताडपत्री खाली. हलक्या चेंडूला त्यांनी एका अंगाला जणू दगडच बांधला होता. ठिगळ वर धरून फटका मारला की चेंडू हवेत उलटे आणि ते वजन त्याला अलीकडेच खाली ओढी. खोळीच्या कापडाचंच साधं ठिगळ लावलं असतं तर हे झालं नसतं. पण साधं ठिगळ लावायला माणसांवर थोडा भरवसा लागतो.

"दुसऱ्या डावापासूनचे सगळ्यांचे गुण पुसा," मास्तर बाकांकडे तोंड करून म्हणाले. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "चूक खेळाडूंची नाही. चूक माझ्या शिलाईची आहे."

आतल्या खोलीतून जुनी विटलेली खोळ आणून चढवली. टपालवाली म्हणाली, "मग निळ्याच्या कप्तानालाही परत घ्या की!" मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. गुण पुसता येतात. बाहेर काढलेल्या माणसाला आत घ्यायचा नियम नव्हता, आणि आजवर नियम वाकवला नव्हता म्हणूनच ते मास्तर होते. मेहुण्याविना निळे हरले. काळ्यांनी बाजी मारली.

मग मास्तरांनी शिट्टी स्टुलावर ठेवली. टपालवालीनं दोरीला हात लावला. चावीवाल्यानं लावला. सामन्यातून काढला तरी निळ्यांचा कप्तान मेहुणाच, म्हणून दोघं त्याची वाट बघत थांबले.

तो आला, स्टुलाजवळ उभा राहिला. हात पाठीमागेच.

"ठिगळासाठी नाही दाजी," तो म्हणाला. "ठिगळ कुणाचंही चुकतं. पण तुम्ही चेंडू नंतर तपासलात, आणि चोर आधी ठरवलात. सगळ्यांदेखत. ताईसमोर."

मास्तरांनी मान डोलावली. एवढ्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच एखाद्या बोलण्याची मागची बाजू बघावीशी वाटली नाही.

शिट्टी खेळघरातल्या खिळ्याला टांगली गेली. नंतर ती एका निवृत्त शिक्षिकेच्या गळ्यात गेली. मास्तर संध्याकाळीही दुकानातच बसू लागले. त्यांनी चेंडूची नवी खोळ शिवायला घेतली; सगळ्या पाकळ्या एकाच ताग्यातल्या, सगळीकडे एकच दोरा.

बरेच दिवस बायको एकटीच माहेरी जाऊन येई. मग एका दुपारी मेहुणा गणवेशाची पँट घेऊन दारात उभा राहिला.

"कंबर सैल करायची आहे."

"ये. उभा राहा." मास्तरांनी माप घेतलं. "दोन बोटं वाढलीस."

"ताईनं तुमच्या वाटचं मला खाऊ घातलं."

आतून भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. मास्तरांनी कपाटाआडून नवा चेंडू काढला. हवा भरलेला, खोळ चढवलेला.

"खेळघरात द्यायच्या आधी तू बघ," ते म्हणाले. "मी सांगतो म्हणून मानू नकोस."

मेहुण्यानं चेंडू दुकानाच्या फरशीवर ठेवला आणि ढकलला. तो मशीनपर्यंत जाऊन थांबला. मेहुणा वाकला, कुठली बाजू खाली आली ते पाहिलं, खडूनं तिथे खूण केली. पुन्हा ढकलला. पुन्हा वाकला. पुन्हा खूण केली. फरशीला कुठे उतार तर नाही ना, म्हणून दुसऱ्या भिंतीकडूनही ढकलून पाहिला.

मास्तर गळ्यातल्या टेपची टोकं धरून त्याचं होईपर्यंत बाजूला उभे राहिले.