आधी ताट, मग नळी

ब्रदर घरात आले की पाण्याऐवजी ताट मागत. जेवणाचे, स्टीलचे, कोरडे. "घरातल्या सगळ्या गोळ्या यात वाढा," असे सांगून ते हात धुवायला जात. ते परत येईपर्यंत ताट तयार असावे लागे. लघवी तुंबलेला म्हातारा पलंगावर कण्हत असला, तरी हा क्रम बदलत नसे. आधी ताट, मग नळी.

त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक असावे. एका सरकारी रुग्णालयात त्यांनी परिचारकाची नोकरी केली. तिथे पुरुष परिचारकाला ब्रदर म्हणतात, तेवढेच राहिले. निवृत्तीनंतर बुवापाड्यातल्या घरून ते स्कूटरवर निघत आणि अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातल्या म्हाताऱ्यांच्या लघवीच्या नळ्या घरी जाऊन घालत, बदलत, काढत. डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय कोणाला हात लावत नसत.

काम करताना ते बोलत राहत. रुग्णाचे लक्ष दुसरीकडे जावे, हा हेतू असावा. ताटाची पद्धत कशी पडली, हे त्यांनी मला असेच सांगितले. उल्हासनगरच्या एका सिंधी कापडवाल्यांना महिन्यात दोनदा नळी घालावी लागली. ताटात सर्दीच्या गोळ्यांची पाने निघाली. शेटजी म्हणाले, "ब्रदर, ये तो नाक का माल है, इसका नीचे क्या काम?" ब्रदर म्हणाले, "साईं, ऊपर का नल बंद करने की दवा है. नीचे वाला भी सुन लेता है." डॉक्टरांनी त्या गोळ्या थांबवल्या आणि तिसरी नळी लागली नाही. तेव्हापासून ताट.

मी बदलापूरला कात्रपमध्ये मुलगा-सुनेकडे राहतो. लघवीची धार आधी बारीक झाली, मग एका सकाळी थांबली. रुग्णालयात नळी घातली गेली. प्रोस्टेटची गाठ वाढलेली आहे, असे सोनोग्राफीत दिसले. पुढे नळीची देखभाल आणि ती काढून पाहणे, यासाठी डॉक्टरांनी ब्रदरांना घरी बोलवायला सांगितले. नळी काढावी, लघवी होते का पाहावे, न झाल्यास पुन्हा घालावी. पहिल्या वेळी झाली नाही. दुसऱ्या वेळीही झाली नाही. डॉक्टर म्हणाले, "आणखी एकदा पाहू. नाहीतर ऑपरेशन." माझी छाती कारखान्यातल्या धुळीने अधू झालेली आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कागद दोनदा वाचले आणि मुलाला बाहेर बोलावले. मला त्याचा अर्थ समजला.

दोन्ही वेळा मी ताटात रक्तदाबाच्या, पित्ताच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या ठेवल्या होत्या. एक गोळी मात्र चष्म्याच्या डबीत राहिली.

ती दिवसा जागे राहण्याची गोळी होती. त्याआधी वर्षभर मला कुठेही झोप लागे. बँकेत लागली, बोलता बोलता लागली. मी उल्हासनगरला एका मेंदूच्या डॉक्टरांकडे एकटाच गेलो आणि गोळी घेऊन आलो. कोणालाही सांगितले नाही. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात फोरमन होतो. कामावर डोळा लागलेल्या माणसाला मी मेमो देत असे, आणि त्याला कोणाचाही अपवाद नव्हता. तोच माणूस गोळी घेऊन जागा राहतो, हे घरात कळावे, अशी माझी इच्छा नव्हती.

दुसऱ्यांदा नळी घालून झाल्यावर ब्रदर निघाले नाहीत. त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढले आणि सुनेला विचारले, "ताई, काका दुपारी झोपतात का?"

"आधी खूप. जेवताना घास हातात असताना डोळा लागायचा. आता तीन महिने झाले, अजिबात नाही."

"आणि लघवीची तक्रार?"

तिने बोटांवर महिने मोजले. "तीही साधारण तेव्हापासूनच."

ब्रदर म्हणाले, "चहा टाकता का?" ती आत गेली. मग ते माझ्याकडे वळले. "काका, या वयात माणूस एकाएकी जागा राहायला लागला, तर त्याला कोणीतरी जागं ठेवतंय. कुठे आहे ती?"

"कोण?"

"फोरमन होतात ना? हत्यार लपवलेल्या कामगाराचं तोंड कसं दिसतं, ते मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

मी डबी उघडली. कारणही सांगितले. थोडक्यात सांगितले.

"झोपेचे मेमो किती दिले असतील?"

"मोजले नाहीत."

"बरं झालं, तुमच्या खात्यात नव्हतो. मी ड्युटीवर औषधाच्या ट्रॉलीला टेकून उभ्याने झोपलोय."

मी विचारले, "ही गाठ या गोळीने वाढली का?"

"गाठ वयाची आहे. गोळीने वाढते, असं मला कोणी शिकवलेलं नाही, तेव्हा तसं म्हणणार नाही. पण अशा गोळ्या लघवीच्या पिशवीचं तोंड आवळून धरू शकतात, हे वॉर्डात पाहिलंय. वाट आधीच अरुंद, त्यात कोणी दार लोटून घेतलं, तर काय होणार?"

"मग उद्यापासून बंद."

"तुमच्या मनाने नाही," ते म्हणाले. "ज्यांनी दिली त्यांना विचारायचं. नळीच्या डॉक्टरांनाही सांगायचं. आणि दोघांना एकच गोष्ट सांगायची, अर्धी अर्धी नाही." त्यांनी स्वतःच दोन चिठ्ठ्या लिहिल्या. अक्षर सुवाच्य होते.

मेंदूच्या डॉक्टरांनी गोळी थांबवली. नळीचे डॉक्टर म्हणाले, गाठीचे औषध चालूच ठेवा, दोन आठवड्यांनी नळी काढून पाहू. त्या दिवशी सकाळी नळी काढून ब्रदर न्हाणीघराबाहेर खुर्ची टाकून बसले आणि शिवमंदिराच्या जत्रेतल्या गर्दीत स्कूटर कशी अडकली, ते सुनेला सांगू लागले. मी पाणी पीत राहिलो. दोनदा मापाचा प्लास्टिकचा मग घेऊन आत गेलो आणि तसाच परतलो. त्यांनी विचारले नाही. तिसऱ्यांदा बराच वेळ लागला. बाहेर जत्रेची हकिगत चालूच होती.

"झाली," मी आतून म्हणालो.

"किती?"

"मापाचा मग अर्ध्याहून वर भरला."

"ओतू नका. मला बघू द्या." त्यांनी तो मग उजेडात धरून पाहिला, वहीत माप लिहिले, पोट दाबून पाहिले. मग सुनेला म्हणाले, "ताई, आज चहात साखर टाका." एरवी ते बिनसाखरेचा घेत.

ऑपरेशन झाले नाही. धार पूर्वीसारखी नाही, पण वाहते. झोपही परत आली. डॉक्टरांना विचारून मी ती येऊ देतो. घरात आता सर्वांना माहीत आहे, आणि कोणी काही म्हणत नाही.

पुढे काही महिन्यांनी एका दुपारी मी खुर्चीतून जागा झालो, तेव्हा समोर रिकामा कप होता. सून म्हणाली, "ब्रदर येऊन गेले. अर्धा तास बसले होते."

"उठवलं का नाही?"

"मी उठवत होते, बाबा. त्यांनी विचारलं, लघवी नीट होते ना? मी हो म्हटलं. म्हणाले, मग राहू द्या. स्कूटर विकली त्यांनी. उद्या नाशिकला मुलीकडे निघालेत, कायमचे. निरोप घ्यायला आले होते."

मी खाली जाऊन पाहिले. रस्त्यावर कोणी नव्हते.

झोपलेल्या माणसाजवळ अर्धा तास बसून, त्याला न उठवता निघून जाणे, हे मला साऱ्या नोकरीत एकदाही जमले नव्हते.