संडासापाशी लावलेली सायकल

“तिकडं लाव. संडासापाशी. इथं आमच्या बाईक आहेत.”

सकाळची बडनेऱ्याहून अकोल्याले येनारी पॅसेंजर. आमचं स्टेशन मूर्तिजापूरच्या पुढं, लहानसं. गाडी थांबली न थांबली की सुटते. एक हात हँडलले, एक हात सीटखाली घालून मी सायकल कशीबशी डब्यात चढवली होती. कॅरिअरवर फुलाइचं टोपलं. अन् पुढ्यात हा मानूस. अंगाले चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर टोप. बोट दाखवून राहिला.

बाईक म्हने! मी पाह्यलं. सायकलीच त्या. ना स्टँड, ना कॅरिअर, ना घंटी. चार जनं अमरावतीले सायकली फिरवाले गेले होते, हौस म्हनून. आता गाडीनं वापस येत होते. दारापासची सारी जागा त्याइनं अडवलेली. एका सायकलीखाली त चादर हातरली होती, चाकाले डाग लागू नये म्हनून.

दारापासचा तो कोपरा आमचा. कोनी लिहून नाही देल्ला, पन साऱ्या डब्याले माहीत आहे. दूधवाले, भाजीवाले, मी. पहिले आमी सायकली बाहेरून खिडकीच्या गजाले हुकानं अडकवत होतो. गाडीसंगं लोंबत येत सायकली. मंग नव्या बांधनीचे डबे आले, त्याच्या खिडकीले हूक बसत नाही. तवापासून सायकली आत आल्या, अन् आत आल्या त रीतबी पडली. सायकल कोपऱ्यात. फुलं मांडीवर, नाहीतर वरच्या फळीवर. देवाची फुलं खाली ठेवाची नाही, संडासाकडं त मुळीच नाही. माह्या मायनं जिंदगीभर फुलंच विकली, पन टोपलं कधी भुईवर टेकवलं नाही. मी तिचीच पोर.

नवरा गेल्यावर माह्यापाशी दोनच गोष्टी राहिल्या. ही सायकल, अन् जठारपेठेतली एक गल्ली. मळ्यातून झेंडू, शेवंती, दुर्वा आनाच्या, पुड्या बांधाच्या, अन् लोक पूजेले बसाच्या आत दाराच्या कडीले पुडी अडकवून पुढं निंघाचं. स्टेशनापासून जठारपेठ, दार मांगं दार, सायकलबिगर होत नाही. त्या गल्लीवर माह्यं, सासूचं अन् पोरीचं पोट चालत होतं. दुसरं काहीच नव्हतं.

“भाऊ, एखादी सरकवा ना जराशी. माह्यापाशी देवाची फुलं आहेत.”

“ओरखडा पडला तर भरून देशील का?”

खिडकीजवळचा म्हातारा त्याइले जागा व्हावी म्हनून पाय आखडून बसला होता. मले म्हने, “ओ बाई, रस्ता सोडा.” रोजचा दूधवाला दारात उभा. त्यानं माह्याकडं पाह्यलं अन् बाहेर पाहाले लागला. तिकीट तपासनारा आला. त्या चौघाइले हसून विचारलं, किती चालवली, कसं वाटलं. मंग माह्याकडं वळला.

“सायकल डब्यात आणता येत नाही, ब्रेकमध्ये, सामानाच्या डब्यात, बुक करावी लागते. माहीत नाही का?”

“मंग याइच्या?”

“ते क्लबचे लोक आहेत.”

झालं! मी सायकल संडासाच्या दाराशेजारी टेकवली. फळीवर त्याइच्या पिशव्या. बसाले जागा नाही. टोपलं मी डोक्यावर घेतलं अन् एका हातानं सायकल धरून उभी राहिली. दार सारखं उघडे अन् मिटे, खालून पानी वाहत ये. गाडीनं हिसका देल्ला. माही सायकल घसरली, सरळ त्या टोपवाल्याच्या सायकलीकडं.

“अगं धर! धर ती! दोन्ही हातांनी धर ना!”

मी डोक्यावरचं टोपलं कॅरिअरवर ठेवलं अन् दोन्ही हातानं सायकल धरली. त्याची सायकल वाचली.

तवा कुठं त्यानं माह्या तोंडाकडं पाह्यलं. “तू आमच्या गल्लीत फुलं टाकतेस ना? गॅलरीतून दिसतेस.”

खरं सांगते, मले बरं वाटलं. लई बरं वाटलं. इतके वर्षं याच्या दाराले पुडी बांधली, याचं तोंड कधी पाह्यलं नव्हतं. म्हनलं, चला, ओळखलं. आता देईल जागा.

“हो साहेब. तुमचं घर कोनतं?”

“निळं गेट.” त्यानं टोपल्याकडं पाह्यलं, मंग संडासाच्या दाराकडं. “म्हणजे ही फुलं आमच्या देवाला येतात? संडासापाशी ठेवलेली?”

“साहेब, तुमीच त म्हनलं इथं लाव.”

“सायकल लाव म्हटलं. फुलं ठेव म्हटलं का?”

साऱ्या डब्यानं पाह्यलं होतं, कोनाच्या सायकलीपायी माह्या डोक्यावरचं टोपलं खाली आलं. म्हाताऱ्यानं पाह्यलं. दूधवाल्यानं पाह्यलं. कोनी हूं नाही केलं.

“आडनाव काय तुझं?”

मी सांगतलं.

“बरं,” तो म्हने. एवढंच. पन बाकीच्या तिघाइकडं त्यानं पाह्यलं, अन् त्याइनं त्याच्याकडं. ते पाहनं मले लहानपनापासून ओळखू येते. शाळेत, पान्याच्या टाकीवर, लग्नाच्या पंगतीत. आमच्याकडं आडनाव सांगतलं की मानसाले अजून काही विचाराचं राहत नाही.

मंग त्यानं घरी, बायकोले फोन लावला. माह्या पुढ्यात. मी तिथं नसल्यासारखं. “आजपासून ती फुलं घेऊ नकोस. हो, संडासाजवळ ठेवलेली. मी डोळ्यांनी पाहतोय. आणि अजून एक गोष्ट आहे, ती घरी आल्यावर सांगतो.”

अकोल्याले उतरताना तो मले म्हने, “जरा धर ही, मी खाली उतरून घेतो.” अन् मी त्याची सायकल धरली! हात आपोआप गेला हो. म्हना ना, काही बी सांगतलं की हात पुढं कराची सवयच होती. मी ती खाली देल्ली, अन् त्यानं रुमाल काढून हँडल पुसलं. जिथं माहा हात होता तिथंच.

तरी मी गल्लीत गेली. जानार कुठं? निळ्या गेटाशी वैनी, साहेबाची बायको, उभ्या होत्या. वाईट बाई नाही. दिवाळीले फराळ देत, पोरीची चौकशी करत.

“थांब,” त्या म्हनल्या. “गल्लीच्या ग्रुपवर सगळ्यांना कळलंय. मी सांभाळून घेते, पण तू एक कर. सगळ्यांसमोर म्हण, चूक झाली. आणि यापुढं पुडी गेटाबाहेर ठेवत जा. कडीला हात नको लावू.”

शेजारच्या दोघी-तिघी बायका गेटापाशी आल्या. वाट पाहून राहिल्या, मी कवा म्हनते याची.

माह्या डोळ्यापुढं पोर आली. तिची शाळा, घरातला पिठाचा डबा. दोनच त शब्द. पार व्हटापर्यंत आले होते. आजवर हजारदा म्हनले असतील. धक्का लागला, चूक झाली. विहिरीवर आधी गेली, चूक झाली. बाकड्यावर बसली, चूक झाली. कोनाची चूक, हे एकदाबी विचारलं नव्हतं.

“वैनी, फुलं तिथं कोनी ठेवाले लावली, हे सांगतलं का साहेबानं?”

“आता वाद नको गं घालू.”

“संडासाचं राहू द्या. कडीले हात काहून नको, ते सांगा.”

वैनीनं मांगं घराकडं पाह्यलं. घरातून साहेबाचा आवाज आला, “तिला म्हणावं, म्हणायचं असेल तर म्हण, नाहीतर जा.”

“नाही म्हनत,” मी बोलली. माहा आवाज मले नीट ऐकू आला नाही. पन बोलली.

कोनी थांबवलं नाही. कोनी म्हनलं नाही, अगं फुलं त ठेवून जा. मी सायकल वळवली अन् गल्लीच्या बाहेर येऊन भिंतीच्या कडेले बसून मनसोक्त रडली. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. खोटं कशाले सांगू?

गल्ली गेली ते गेलीच. आता तिथं दुसरीच बाई फुलं टाकते. मी स्टेशनाबाहेर सायकल लावून तिच्यावरच पुड्या मांडते. पोलीस आला की सरकाचं, गेला की पुन्हा यायचं. पोरीले गावातल्या शाळेत घातलं, अकोल्याची सुटली. सासू अजून म्हनते, “दोन शब्द म्हनून टाकले असते त काय झिजलं असतं?” मी पुड्या बांधत राहते. भुकेपुढं तिचंबी खोटं नाही.

पन एक काम मी सोडलं नाही, सोडनारबी नाही. नवं गिऱ्हाईक पुडीले हात लावाच्या आधी मीच आडनाव सांगते. मोठ्यानं, शेजारच्याले ऐकू जाईल असं. कोनी हात मांगं घेते, कोनी पुडी घेते. ज्यानं हात मांगं घेतला, त्याच्या देवाले माही फुलं मिळनार नाहीत.